वस्तू मागू नकोस, जागा माग

एका मैत्रिणीचं पत्र आलंय, थोडं आटोपशीर करून देतेय:

"ताई, लग्नाला नऊ वर्षं झाली. नवरा खरंच चांगला आहे, मुलीचं सगळं करतो, माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. पण आमच्या घरात आलेली वस्तू परत बाहेर जात नाही. जुने चार्जर, हेडफोन, प्रत्येक मोबाइलचा रिकामा बॉक्स, बंद पडलेला प्रिंटर, कॉलेजच्या नोट्स, त्याच्या बाबांचा रेडिओ, वायरींनी भरलेल्या दोन गोण्या, सहा वर्षांत हातात न घेतलेली गिटार. हॉल आणि किचन मी कसंबसं सांभाळते, दुसरी बेडरूम मात्र गोडाऊन झालीये, दारापासून कपाटापर्यंत फक्त एक पायवाट आहे. मुलगी सहा वर्षांची, बेडवर पोटावर पडून अभ्यास करते कारण टेबल ठेवायला जागा नाही. काही म्हटलं की 'लागतं गं कधीतरी'. आणि हाच माणूस मागच्या वर्षी स्वतःची सायकल मित्राच्या मुलाला आनंदाने देऊन मोकळा झाला, मग बाकीच्याचं घोडं कुठे अडतं?

दोन महिन्यांपूर्वी तो कामासाठी चार दिवस बाहेरगावी होता तेव्हा मी तीन मोठ्या काळ्या पिशव्या भरून टाकून दिल्या. आठवड्याने त्याला कळलं. भांडला नाही. पण तेव्हापासून रोज रात्री मी झोपल्यावर तो कचऱ्याची पिशवी उघडून बघतो. मला आवाज येतो, मी झोपेचं सोंग घेते. अपराधीही वाटतं आणि रागही येतो. हा आजार आहे का? घर मोकळं कसं करू?"

अगं, तुझ्या पत्रातला प्रिंटर, वायरी, नोट्स हे सगळं मी वाचून पुढे गेले, आणि त्या पिशवीच्या आवाजाशी येऊन थांबले. प्लॅस्टिकची गाठ सोडल्याचा तो चुरचुर आवाज, तू अंधारात डोळे मिटून पडलेली, आणि तो तिकडे किचनमधे वाकून बघतोय की आज माझं काय गेलं. नऊ वर्षं एका घरात राहिलेली दोन माणसं. मला तरी पसाऱ्यापेक्षा हे जास्त काळजीचं वाटलं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आधी एक सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. आमच्या घरात वस्तू धरून ठेवणारी मी आहे. आई गेली तेव्हा तिचं घर आठवडाभरात रिकामं करायचं होतं आणि मला काहीच टाकवेना, तर मी अकरा खोकी आमच्याकडे आणली आणि बेडरूमच्या खिडकीसमोर एकावर एक रचून ठेवली. दोन वर्षं ती तशीच होती. मधे एकदा घरात आवराआवर चालू असताना मदतीला आलेल्या जवळच्याच एका माणसाने त्यातलं एक खोकं रद्दी समजून देऊन टाकलं. त्यात आईच्या हिशोबाच्या वह्या होत्या, तिच्या बारीक अक्षरातल्या, समासात माझ्या शाळेच्या फीचे आकडे लिहिलेल्या. वाईट हेतूने कुणी केलं नव्हतं, मला ते तेव्हाही कळत होतं. पण त्यानंतर मी उरलेल्या दहा खोक्यांना कुणाला हात लावू दिला नाही, आधी निदान मी स्वतः अधूनमधून त्यातलं काहीतरी काढत होते, तेही बंद झालं. एक खोकं गेलं आणि दहा कायमची बसली.

तुझ्या घरात आत्ता नेमकं हेच चाललंय. तीन पिशव्या गेल्या, त्याने जागा झाली असेल दोन कपाटांएवढी, पण आता तो उरलेली प्रत्येक वायर मोजून ठेवणार, कारण त्याला माहीतच नाही काय गेलं आणि काय राहिलं. ज्याला आपलं सामान सेफ वाटत नाही तो माणूस ते आणखी घट्ट धरतो. त्यामुळे तू घर मोकळं कसं करू विचारतेस त्याचं पहिलं उत्तर असं की थोडे दिवस काहीच मोकळं करू नकोस, आधी माफी माग. आणि माफी मागताना 'पण' लावू नकोस. 'चुकलं माझं पण तूही किती साठवतोस' ही माफी नसते, ते पुढचं भांडण असतं. एवढंच म्हण की मी तुला न विचारता तुझ्या वस्तू टाकल्या, ते चूक होतं, यापुढे तुझी एकही वस्तू तुला दाखवल्याशिवाय घराबाहेर जाणार नाही. आणि मग तो शब्द पाळ, अगदी सुकलेल्या पेनाच्या बाबतीतही पाळ.

मला माहितीये तुला वाटेल की म्हणजे सगळं मीच सोसायचं का. नाही. तुझा त्रास खरा आहे आणि तो कुणी 'बायकांना उगाच आवरायची हौस' म्हणून झटकला तर ऐकून घेऊ नकोस. 2010 साली दोन अमेरिकन संशोधक बायकांनी, डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांनी, लॉस एंजेलिसमधल्या तीस जोडप्यांचा अभ्यास मांडला होता. दोघंही नोकरी करणारे, घरात मुलं. प्रत्येकाला कॅमेरा दिला आणि आपलं घर फिरून दाखवायला सांगितलं, आणि मग ते काय शब्द वापरतात ते मोजलं. ज्या बायका घराबद्दल बोलताना पसारा, अर्धवट राहिलेली कामं असे शब्द जास्त वापरत होत्या त्यांच्यातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं आणि दिवस सरेल तसा त्यांचा मूडही जास्त उदास होत होता. नवऱ्यांमधे तसं चित्र नव्हतं. आता पसाऱ्यामुळेच हे होतं असं काही त्यातून सिद्ध होत नाही, आधीच थकलेल्या बाईला पसारा जास्त दिसत असेल असंही असू शकतं. पण एकाच घरात एकाच पसाऱ्यात दोन माणसं दोन वेगवेगळ्या घरात असल्यासारखी राहू शकतात हे मात्र त्यातून दिसतं. त्याला ती खोली बघून काहीच होत नाही हे खरं असेल, आणि तुला दार उघडल्यावर छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं हेही खरंच आहे. त्याला हे कधी सांगितलंयस का? म्हणजे 'किती हा तुझा पसारा' असं नाही, 'मला या खोलीत आल्यावर गुदमरतं' असं.

आता तुझा दुसरा प्रश्न, आजार आहे का. वस्तू साठवण्याचा एक मानसिक आजार असतो, होर्डिंग डिसऑर्डर म्हणतात. आधी त्याला ओसीडीच्या, म्हणजे तेच तेच विचार आणि त्याच त्याच कृती माणसाला सोडत नाहीत त्या आजाराच्या, पोटात घालत, 2013 साली अमेरिकन मानसोपचाराच्या डीएसएम-5 या मॅन्युअलमधे तो वेगळा आजार म्हणून आला आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या यादीतही आहे. त्यात वस्तू किमतीची आहे की बिनकामाची याने फरक पडत नाही, टाकायचं म्हटलं की माणसाला खरोखर यातना होतात, आणि हळूहळू खोल्या ज्या कामासाठी आहेत त्या कामाच्या राहत नाहीत, बेडवर झोपता येत नाही, ओट्यावर स्वयंपाक करता येत नाही. हे तपासायला तज्ञ लोक फोटोंचा एक संच वापरतात, किचन, बेडरूम आणि हॉल यांचे प्रत्येकी नऊ फोटो, 1 म्हणजे नीटनेटकं आणि 9 म्हणजे छतापर्यंत भरलेलं, आणि खोली चौथ्या फोटोपर्यंत किंवा त्याच्या पुढे गेली असेल तर मदत घ्यायचा विचार करावा असं मानतात. पत्रावरून मी निदान करू शकत नाही आणि करणारही नाही. पण तुझ्या पत्रात एक गोष्ट आहे जी मला बरीच आशादायक वाटते, ती म्हणजे सायकल.

तू ते आश्चर्य म्हणून लिहिलंस, मला त्यात किल्ली दिसली. त्याला सोडता येतं. त्याला टाकता येत नाही. सायकल एका मुलाकडे गेली, ते मूल ती चालवणार, म्हणजे सायकलचं आयुष्य पुढे चालू राहिलं. काळ्या पिशवीत गेलेल्या वस्तूचं आयुष्य संपतं, आणि काही माणसांना ते सहन होत नाही, चांगली चालणारी वस्तू वाया गेली याचा त्यांना मनापासून त्रास होतो. यात मला तरी काही वाईट दिसत नाही, उलट हा गुणच आहे, फक्त त्याला वाट मिळाली नाहीये. तर आजपासून घरात 'टाकू' हा शब्द बंद कर आणि 'कुणाला देऊया' असं विचारायला लाग. प्रिंटर दुरुस्त करून वापरणारा कुणी आहे का, त्या नोट्स आत्ता तोच कोर्स करणाऱ्या कुणाला उपयोगी पडतील का, गिटार शिकायला सुरुवात केलेलं ओळखीतलं एखादं मूल. घेणाऱ्याचा चेहरा डोळ्यासमोर आला की त्याचा हात सैल होईल असं मला वाटतं, सगळ्या वस्तूंच्या बाबतीत नाही, पण बऱ्याच.

बाकी माणूस वस्तू का धरून ठेवतो याला एकच कारण नसतं, आणि इथे बहुतेक बायका, नवरेही, चुकतात. आपण सगळ्याला 'पसारा' हे एकच नाव देतो. वायरी तो 'लागेल' म्हणून ठेवतो. रेडिओ बाबांचा म्हणून. प्रिंटर बहुधा पैसे गेलेत म्हणून, तो दिला की पैसे फुकट गेले हे कबूल करावं लागतं. आणि गिटार, गिटार सगळ्यात नाजूक, कारण ती गिटार वाजवणाऱ्या त्याची आहे, जो तो व्हायचा होता आणि कदाचित अजून होणारे. त्याला 'ही काढून टाक' म्हणणं म्हणजे 'तू काही आता शिकत नाहीस' असं तोंडावर म्हणणं. तुझा तसा अर्थ नसतो पण तिकडे तसंच पोचतं. त्यामुळे गिटारीला सगळ्यात शेवटी हात लाव, किंवा लावूच नकोस, भिंतीवर हुकाला अडकव, खाली जमीन मोकळी होते आणि समोर दिसली तर वाजवेलही.

आणि शिवाय आपल्या मालकीची वस्तू आपल्याला जास्त मोलाची वाटतेच, हा माणसाचा स्वभाव आहे. डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांचा 1990 चा एक प्रयोग आहे, वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग वाटले आणि विकायचे तर किती घ्याल विचारलं, बाकीच्यांना विचारलं विकत घ्यायला किती द्याल. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी दुपटीहून जास्त किंमत सांगितली, आणि तो मग त्यांचा होऊन थोडाच वेळ झाला होता. तुझ्या नवऱ्याकडे तर काही वस्तू वीस वर्षं आहेत. तेव्हा तू बाहेरून बघून 'हे काय कामाचं' म्हणतेस आणि तो आतून बघून 'हे कसं देऊ' म्हणतो, यात कुणी खोटं बोलत नाहीये. त्याच्या वस्तूंची किंमत तू ठरवायला गेलीस की तू हरणार, दर वेळी, कारण त्या वादात तो मालक आहे आणि तू पाहुणी.

म्हणून मी तुला सांगतेय की वस्तू मागू नकोस, जागा माग. ती खोली तुम्हा तिघांची आहे, तिथे तू पाहुणी नाहीस.

हे मला माझ्या नवऱ्याने शिकवलं. त्या खोक्यांबद्दल दोन वर्षं तो काही बोलला नाही, आणि मग एका रविवारी सकाळी एवढंच म्हणाला की मला ती खिडकी उघडायचीये. बस. खोक्यात काय आहे, का ठेवलंयस, कधी काढणार, काही नाही. आणि खिडकीला मी नाही कशी म्हणणार, खिडकी तर त्याचीही होती. आम्ही दोघांनी मिळून खोकी बाजूला घेतली, खिडकीची कडी गंजून बसली होती, तेल घालून हलवत हलवत अर्धा तास गेला तेव्हा ती निघाली. ऊन आत आलं ते थेट खोक्यांवर पडलं आणि तळाच्या दोन खोक्यांना ओल लागून पुठ्ठा काळा पडलेला दिसला. मी जपतेय जपतेय म्हणत होते आणि आत आईच्या साड्या कुजत होत्या. त्या दिवशी मी स्वतः बसून दहाची चार केली. त्याने एका वस्तूकडेही बोट दाखवलं नाही.

तुझी खिडकी म्हणजे मुलीचं टेबल. हे तुझ्या हातातलं सगळ्यात खरं कारण आहे आणि त्यात त्याच्यावर आरोप नाहीये. सहा वर्षांच्या मुलीला तीन फूट बाय दोन फुटाचं टेबल पुरतं, खुर्ची मागे सरकवायला आणखी अडीच फूट धर. त्या खोलीतला उजेडाचा कोपरा निवड, आणि जमिनीवर दिसेल तेवढ्या भागात रंगीत टेपने चौकोन आख, जिथे सामान असेल तिथे सामानावरूनच टेप ने, हरकत नाही. मग त्याला आणि मुलीला दोघांना बोलव आणि सांग की एवढी जागा हिला हवीये, बाकी खोलीला मी हात लावत नाही. ठरवून एवढंच. संपूर्ण खोली आवरूया म्हटलंस की तो घाबरणार, मीही घाबरले असते. पण चौकोन डोळ्यासमोर असला की काम केवढं आहे ते दिसतं आणि ते संपणारं दिसतं.

चौकोनातल्या वस्तूंचा निकाल तोच लावेल. तू शेजारी बसायचं, वस्तू त्याच्या हातात द्यायची, आणि गप्प बसायचं. हे अवघड आहे, मला कल्पना आहे. तो एकेका वायरीची गोष्ट सांगेल, ती ऐक. चाळीस मिनिटं झाली की थांबा, गजर लावा हवं तर, कारण निर्णय घेऊन घेऊन डोकं थकतं आणि थकलेला माणूस एकतर सगळंच ठेवतो नाहीतर वैतागून नको ते टाकतो आणि नंतर तुझ्या नावाने दुखावतो. आठवड्यातून एकदा चाळीस मिनिटं पुरे.

सुरुवात वायरींच्या गोणीपासून करा, कारण तिथे भावना सगळ्यात कमी आणि निकाल सगळ्यात सोपा. सगळ्या जमिनीवर ओता. प्रत्येक वायर कुठल्या वस्तूची ते तो सांगेल, ती वस्तू घरात असेल तर वायर गुंडाळून तिला कागदाची चिठ्ठी लावायची, वस्तूच नसेल तर वायर कशाला. एकसारख्या पाच असतील तर चालू करून बघून दोन ठेवायच्या. फोनची जुनी पिन आता नव्या फोनला लागतही नाही, युरोपियन युनियनने तर 2024 च्या डिसेंबरपासून नव्या फोनना टाइप-सी सक्तीचंच केलंय, त्यामुळे 'पुढच्या फोनला लागेल' या मुद्द्याचा निकाल त्याचा तोच लावेल. जुने फोन, पॉवर बँक निघतील तेव्हा मात्र बॅटरी नीट बघा. फुगलेली असेल, मागचं झाकण उचललं गेलं असेल, तर ती दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जला लावायची नाही आणि साध्या कचऱ्यातही टाकायची नाही, आत गॅस धरलेला असतो आणि पेट घेऊ शकते. ई-कचरा गोळा करतात तिथे द्यायची. ही एकच गोष्ट आहे जिथे मी म्हणेन की त्याच्या 'लागेल' ची वाट बघू नका, लहान मुलगी आहे घरात. तशीच दारासमोरची वाट, त्या खोलीतून अंधारात धावत बाहेर येता आलं पाहिजे, यावर ठाम रहा.

मोबाइलचे बॉक्स वॉरंटी संपेपर्यंत ठेवा, नंतर बिल तेवढं काढून घ्या, बॉक्सना फार वेळ देऊ नका. कागदांचं वेगळं. घराचे कागद, जन्माचे दाखले, डिग्रीची सर्टिफिकेटं एका फाइलमधे, त्यांचे ओरिजिनल कधीच जाऊ द्यायचे नाहीत, बाकी बिलं आणि पावत्या त्याला स्कॅन करून ठेवायच्या असतील तर ठेवू दे.

आठवणीच्या वस्तूंना फोटोचा उपाय सांगतात आणि तो अगदीच पोकळ नाहीये. कॅरेन विंटरिच आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2017 मधे एक अभ्यास छापला होता, कॉलेजच्या हॉस्टेलमधे सामान दान करायची मोहीम होती, काही हॉस्टेलमधे पोस्टर लावलं की आठवणीच्या वस्तूचा आधी फोटो काढा आणि मग द्या, तिथून जास्त वस्तू आल्या. माणसाला वस्तू नको असते, त्या वस्तूतला स्वतःचा एक तुकडा हरवायची भीती असते, फोटो तो तुकडा धरून ठेवतो. पण फोटो त्याने काढला पाहिजे, त्याला वाटलं तर. तू मोबाइल घेऊन 'चल फोटो काढते मग देऊन टाकू' म्हणालीस तर त्याचीही काळी पिशवीच होईल.

रेडिओचं मात्र माझं मत वेगळं आहे. तो देऊ नका, त्याचा फोटोही काढू नका, तो गोण्यांमधून वर काढा. बाबांचा रेडिओ जर खरंच मोलाचा असेल तर तो वायरींखाली धुळीत का आहे? हे त्याला विचारू मात्र नकोस, टोमणा वाटेल. मागचं झाकण उघडून आत जुने सेल राहिलेत का ते बघा दोघांनी, बरीच वर्षं पडून राहिलेले सेल गळतात, पांढरट भुकटी येते आणि ती आतल्या पट्ट्या खाते, तेवढं हातमोजे घालून साफ करा, दुरुस्त होतोय का बघा, आणि हॉलमधे त्याच्यासाठी चांगली जागा करा. तू त्याच्या एका वस्तूला हॉलमधे मान दिलास की बाकीच्या नव्व्याण्णव वस्तूंबद्दल बोलताना तो तुझ्याकडे वेगळ्या नजरेने बघेल. मला हे करून बघण्यासारखं वाटतं, डावपेच म्हणून नाही, त्याचे बाबा गेलेत (तू तसं लिहिलं नाहीयेस, पण रेडिओ 'त्याच्या बाबांचा' म्हटलंस त्यावरून मला वाटलं) आणि ते खरंच महत्त्वाचं आहे.

'वर्षभर वापरलं नाही ते काढा' हा नियम सगळीकडे वाचायला मिळतो, तो त्याच्यापुढे ठेवू नकोस. मला तो नियमच पटत नाही. छत्रीही आठ महिने वापरत नाही, गिटार सहा वर्षांनी वापरता येते. त्यापेक्षा जागेचा नियम बरा. एक कपाट किंवा एक रॅक पूर्ण त्याचं, त्यात काय ठेवायचं हे तो ठरवेल, कसं ठेवायचं तेही तोच, तू ते उघडणार नाहीस, पुसायलाही नाही. ते भरलं की नवीन ठेवायला जुनं काहीतरी त्याने काढायचं. म्हणजे कुठली वस्तू चांगली कुठली वाईट यावर वाद घालायचा प्रश्नच राहत नाही, फळी तेवढीच आहे हे फळीच सांगते. आणि घरात नवीन येणाऱ्या वस्तूंबद्दलही एकदा शांतपणे बोला, कुणी फुकट देतंय म्हणून आणलेल्या, स्वस्तात मिळाल्या म्हणून आणलेल्या, तुझ्याही. नळ चालू ठेवून बादली उपसत बसलो तर दोघंही दमू.

हो, तुझ्याही. पत्रात तुझं एकही कपाट नाही. हा आरोप नाही, पण त्याला न सांगता, गाजावाजा न करता, आधी तुझं स्वतःचं सामान काढ. छोटे झालेले ड्रेस, न वापरलेली भांडी, मुलीचे लहानपणीचे कपडे जे तू ठेवलेस. तुझ्या हातातून एखादी गोष्ट सुटत नाहीये असं झालं ना, तिथे दोन मिनिटं थांब, आत काय होतं ते बघ. मग तो वायर हातात धरून गप्प होतो तेव्हा तुला त्याच्या आत काय चाललंय ते कळेल.

मुलीसमोर मात्र 'बाबांचा कचरा' हा शब्द नको, सासरचे माहेरचे कुणी आले असताना त्या खोलीचा विषय नको. लाज वाटली की माणूस दार बंद करतो, खोलीचंही आणि स्वतःचंही.

तीन महिने असं करून बघ. माझा अंदाज आहे की चौकोन मोकळा होईल, कदाचित बाकी खोली वर्षभर तशीच राहील आणि तुला त्यात थोडं जगायला शिकावं लागेल. पण समजा तू माफी मागितलीस, शब्द पाळलास, आणि तरी तीन महिन्यात मुलीच्या टेबलाएवढी जागाही होत नाहीये, किंवा एखादी तुटकी वस्तू देतानाही तो थरथरतोय, रडतोय, दिवसभर अस्वस्थ राहतोय, किंवा सामान हॉलमधे किचनमधे सरकायला लागलंय, तर मग हे आपल्याआपल्यात सुटणारं नाही. तेव्हा मानसोपचारतज्ञाकडे किंवा समुपदेशकाकडे जा, आणि 'तुला दाखवायला नेते' असं नाही, 'आपण दोघं जाऊ' असं. यावर विचार आणि वागणं हळूहळू बदलायला मदत करणारी उपचारपद्धत आहे, सीबीटी म्हणतात, तिचा उपयोग होतो, फक्त वेळ लागतो. खोली जबरदस्तीने एकदम रिकामी करणं हा तिथेही उपाय मानत नाहीत. आणि जर त्याला त्रास काही नाही, फक्त तुझं आणि मुलीचं म्हणणं मोजायचंच नाहीये असं दिसलं, तर तो प्रश्न सामानाचा नव्हताच, आणि तेव्हा मला परत लिही, आपण वेगळं बोलू.

पण हे सगळं पुढचं. आधी आजची रात्र आहे. आज तो पिशवीची गाठ सोडायला लागला की सोंग घेऊन पडून राहू नकोस. उठ, किचनचा दिवा लाव, त्याच्याजवळ खाली बस, आणि त्या तीन काळ्या पिशव्यांमधे काय काय होतं ते जेवढं आठवेल तेवढं त्याला एकेक करून सांग.